थर्माकोलचं विमान आणि मामाचं रेझिन

दोस्तांनो,

गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक विमान विरघळलं. मोडलं नाही, जळलं नाही, हरवलं नाही. चहात बिस्कीट जास्त वेळ बुडवलं की जसं होतं ना, तसं ते आमच्या डोळ्यांदेखत खचत गेलं आणि थोड्याच वेळात पंखाच्या जागी नुसता चिकट खड्डा उरला.

त्याचं असं झालं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी थर्माकोलचं मोठ्ठं विमान केलं होतं. पंख चांगला चार फुटांचा. दोन आठवडे मुलं मधल्या सुट्टीत डबा पटापट संपवून त्याच्यामागे लागली होती. प्रदर्शनाला पाच दिवस राहिले आणि कुणाचं तरी दप्तर पंखावर पडलं. करकन तडा गेला. सगळ्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली. तेव्हा मीच म्हटलं, "रडू नका रे. ज्याला जे मजबूत सुचेल ते लावा, पण पंख पक्का करा." हे माझं वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

आमच्या गावाला बंदर आहे. वर्गातला एक मुलगा सतत काहीतरी ठोकत-जोडत असतो, म्हणून आम्ही त्याला 'कारागीर' म्हणतो. त्याचे मामा बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. होडीला भोक पडलं की मामा त्यावर काचेच्या धाग्यांची चटई ठेवतात, वरून ब्रशनं रेझिन थापतात आणि ते घट्ट झालं की होडी पुन्हा लाटांचे तडाखे खायला तयार! कारागिरानं विचार केला, जे होडीला समुद्रात वाचवतं ते आमच्या विमानाला का नाही वाचवणार? विचार चुकीचा होता का? मला तरी तेव्हा नसता वाटला. त्यानं मामांच्या डब्याच्या तळाशी उरलेलं रेझिन आणलं, कुणाला न सांगता व्हरांड्यात बसून तडा गेलेल्या जागेवर छान पसरलं, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

पोरं त्याच्यावर तुटून पडली. "तूच घालवलंस विमान!" दुसऱ्या दिवशी कारागीर शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग संध्याकाळी मी बंदरावर गेले. तो मामांच्या शेजारी उलट्या पडलेल्या होडीच्या सावलीत बसला होता. मला बघून मान खाली घातली. मामा मात्र हसत होते. म्हणाले, "बाई, त्याला ओरडू नका. आमचं हे रेझिन थर्माकोलवर चालत नाय. ते त्याला खाऊन टाकतं. तिथं दुसरं लागतं, इपॉक्सी. ते महाग, म्हणून आम्ही ठेवत नाय."

खाऊन टाकतं म्हणजे काय? घरी येऊन मी पुस्तकं काढली आणि वाचत गेले. तेव्हा कळलं की आमच्या कारागिराला जो अडाखा चुकला, तोच अडाखा घरी खरोखरची विमानं बांधणाऱ्या मोठ्या माणसांनाही आधी शिकावा लागतो.

'घरी विमान' हे वाचून हसू नका. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलंसुद्धा. अमेरिकेत तर घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधायचा छंद असलेली हजारो माणसं आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी त्यांची जत्रा भरते. होय, जत्राच! फक्त पाळण्यांऐवजी विमानं.

१९७५ साली या जत्रेत एक अजब विमान उतरलं. बर्ट रुटान नावाच्या इंजिनिअरनं ते तयार केलं होतं. शेपटी जवळजवळ नाहीच, छोटे पंख पुढे आणि मोठे मागे, इंजिन पाठीवर. जणू कुणी विमान उलटं लावलंय. नाव होतं व्हेरीईझी. इंग्रजीत 'अगदी सोपं' म्हणायचं असेल तर जसं म्हणतात, तसंच ऐकू येणारं नाव. पुढे १९७९ मध्ये त्याचाच मोठा भाऊ 'लाँग-ईझी' उडाला. रुटान यांनी विमानं विकली नाहीत, विमानाचे आराखडे विकले. ज्यानं त्यानं आपापल्या घरी बांधावं.

आता गंमत ऐका. या विमानांचे पंख कशाचे होते? आपल्या थर्माकोलच्याच कुळातल्या फोमचे! अगदी आमच्या विमानासारखे. रंग निळसर, दाणे न दिसणारा, थर्माकोलपेक्षा घट्ट, पण प्लास्टिक तेच, पॉलिस्टायरीन. फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे फर्मे ठोकायचे. मग वीज सोडून तापवलेली तार दोन माणसांनी दोन्हीकडून धरायची आणि फर्म्यांवरून ओढत न्यायची. फर्म्यांवर आकडे लिहिलेले असतात. एकजण मोठ्यानं म्हणतो, "सात... साडेसात... आठ", म्हणजे दोघांचे हात बरोबर चालतात. लोणी कापावं तसा पंख कापून निघतो. त्यावर काचतंतूंचं कापड पसरायचं, रेझिननं भिजवायचं, वर दुसरा थर, तिसरा थर. घट्ट झालं की पंख तयार.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, काचेचं कापड आणि थर्माकोल? एक फुटकं, दुसरं तकलादू! याची परीक्षा आम्ही वर्गात घेतली. थर्माकोलच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक तशीच ठेवली. दुसरीच्या खाली-वर वर्तमानपत्राचा कागद पांढऱ्या डिंकानं चिकटवून रात्रभर वाळवली. दोन बाकांच्या मध्ये पट्टी आडवी ठेवून वर वह्या रचत गेलो. उघडी पट्टी चार वह्यांना मोडली. कागदाचे कपडे घातलेली पट्टी अकराव्या वहीपर्यंत टिकली. पट्टी वाकते तेव्हा खालची बाजू ताणली जाते आणि वरची दबली जाते. मधल्या भागाला फारसं काम नसतं. त्याचं काम एवढंच की वरच्या आणि खालच्या कागदाला एकमेकांपासून दूर धरून ठेवायचं. म्हणून मधला भाग हलका चालतो. विमान बांधणारे याला सँडविच म्हणतात. तुमच्या डब्यातलं सँडविचच, फक्त चटणीऐवजी रेझिन.

आता येऊ कारागिराच्या खड्ड्याकडे. होड्यांसाठी वापरतात ते बहुतेक पॉलिएस्टर रेझिन. ते पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन नावाचा द्रव घातलेला असतो. आणि थर्माकोल म्हणजे काय? पॉलिस्टायरीन. हजारो स्टायरीनच्या मण्यांची लांबच लांब माळ. सुटे मणी जेव्हा माळेला भेटतात तेव्हा ते माळांच्या मध्ये शिरतात, माळा एकमेकींपासून सुटतात आणि फोम बसतो. मामा म्हणाले 'खाऊन टाकतं', ते हेच. इपॉक्सीमध्ये स्टायरीन नसतं. म्हणून रुटान यांनी महाग असूनही इपॉक्सी घेतलं.

बरं, मग सगळीकडे निळा फोम आणि इपॉक्सी लावून मोकळं व्हायचं का? तसंही नाही. पॉलिस्टायरीन पेट्रोलमध्येही विरघळतं. म्हणजे पेट्रोलच्या टाकीजवळ तो फोम नको. तिथे दुसऱ्या जातीचा फोम वापरतात, जो पेट्रोलला भीक घालत नाही. विमानाच्या अंगाला गोलाई द्यायला युरेथेन फोम बरा, तो सुरीनं आणि पॉलिश पेपरनं छान कोरता येतो. पण हा फोम गरम तारेनं कापायचा नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो. एकाच विमानात दोन-तीन जातींचे फोम, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. आमच्या वर्गासारखंच म्हणा ना.

रेझिन कालवण्यातही तीच भानगड. मामा होडीचं रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनरचे चार थेंब जास्त टाकतात. थंडीत तर टाकतातच. तीच सवय इपॉक्सीला लावली तर घात होतो. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर यांचं माप ठरलेलं असतं. हार्डनर जास्त घातला म्हणून ते लवकर होत नाही, उलट कच्चं राहतं. म्हणून रुटान यांच्या आराखड्यांत घरीच बनवायच्या तराजूची कृती दिलेली असे. एका पारड्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर, काटा बरोबर आला की माप बरोबर. आणि एकदम मोठा मगभर कालवायचं नाही, कारण घट्ट होताना इपॉक्सी स्वतःच तापतं आणि मग मगातून धूर निघू लागतो.

(आईबाबांसाठी एक ओळ: हे रेझिन आणि हार्डनर मुलांच्या हाती अजिबात द्यायचं नाही. वास डोक्यात जातो, कातडीला त्रास होतो, आणि होडीच्या रेझिनचा हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. कारागिरानं डबा आणला तेव्हा मी व्हरांड्यात नव्हते, आणि नशीब चांगलं म्हणून फक्त विमान गेलं. हे मी त्याच्या आईलाही सांगितलं आणि स्वतःलाही.)

आता खरी मेख. समजा, रेझिन बरोबर निवडलं. मग कापड कुठलं घ्यायचं? काचतंतू स्वस्त. कार्बनचे काळे तंतू महाग, पण वजनानं हलके आणि फार ताठ. तिसरे पिवळे तंतू केवलारचे. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक नावाच्या संशोधक बाईंनी ज्या शोधाची सुरुवात केली तेच हे केवलार. बंदुकीच्या गोळीपासून वाचवणाऱ्या जाकिटात असतं. आता घरी विमान बांधणाऱ्या माणसाच्या मनात काय येईल? "आराखड्यात काचतंतू सांगितलेत. पण कार्बन तर जास्त मजबूत! एक थर कार्बनचा घालू की मध्येच. बिघडलं कुठं?"

ओळखीचं वाटतं ना हे? "जे मजबूत सुचेल ते लावा."

काय बिघडतं ते बघायला एक रबर आणि शिवणकामाचा एक दोरा घ्या. रबर कापून त्याची सरळ पट्टी करा. तेवढ्याच लांबीचा दोरा घ्या. दोघांची दोन्ही टोकं एकत्र दोन पेन्सिलींना बांधा आणि पेन्सिली दोन हातांत धरून ओढा. (डोळ्यांपासून लांब धरा!) काय होतं? सगळा जोर दोऱ्यावर येतो. रबराला पत्ताच नसतो की काही चाललंय. दोरा तटकन तुटतो आणि मग सगळा भार एकट्या रबरावर येऊन पेन्सिली फाटकन लांब जातात. दोघं मिळून ओझं उचलतील असं आपल्याला वाटलं होतं. पण दोघं एकाच लांबीला बांधलेले असताना जो ताठ असतो, तो आधी मार खातो.

काचतंतू आणि कार्बन यांच्यात एवढा मोठा फरक नाही, पण आहे. सारख्याच जाडीचे दोन्ही तंतू शेजारी-शेजारी ओढले तर कार्बन काचेच्या सुमारे तिप्पट ताठ. म्हणजे चार किलोचा भार असेल तर सुमारे तीन किलो कार्बनच्या डोक्यावर आणि एक किलो काचेच्या. शिवाय कार्बन फार ताणलं जात नाही. शंभर सेंटिमीटरचा धागा दीड-दोन सेंटिमीटर ताणला की तुटतो. काचेचा धागा त्याच्या दुपटीहून जास्त ताणून घेतो. म्हणजे ज्या क्षणी कार्बन हात टेकतो, त्या क्षणी काचेनं आपली ताकद अजून अर्धीही वापरलेली नसते. आणि अचानक सगळं ओझं तिच्यावर. ती पेलेल का? कार्बनच्या भरवशावर आपण काचेचे थर कमी केले असतील, तर नाही पेलणार.

म्हणून रुटान यांचा आग्रह असे, की आराखड्यात जे कापड सांगितलंय तेच वापरा, चांगलं वाटतं म्हणून बदलू नका. कापडाची दिशासुद्धा बदलायची नाही. तुमचा रुमाल घ्या. धाग्यांच्या दिशेनं ओढा, ताणला जात नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरका ओढा. कसा लांबतो! म्हणून पंखाच्या कण्यावर सरळ धाग्यांचं कापड घालतात, आणि पंखाला पीळ बसू नये म्हणून वरच्या कातडीचं कापड तिरकं घालतात.

याचा अर्थ कार्बन आणि काच कधीच एकत्र करत नाहीत असा नव्हे. करतात, पण कामं वाटून. पंखाच्या आतला लांब कणा, ज्याला स्पार म्हणतात, तो अख्खा कार्बनचा आणि बाहेरची कातडी काचतंतूंची, असे पंख पुष्कळ आहेत. मोठमोठ्या पवनचक्क्यांच्या पात्यांतही असं करतात. तिथे हिशोब आधी केलेला असतो: भार कार्बनच घेणार, तर तो एकट्याला पुरेल एवढा घाला. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहिल्या असतील, तर ती पाती काचतंतूंच्याच घराण्यातली बरं का.

केवलारचा स्वभाव आणखी निराळा. ओढायला एकदम पक्कं, पण दाबलं की दुबळं. दोरीनं बादली ओढता येते, ढकलता येते का? तसंच काहीसं. शिवाय ते पॉलिश पेपरनं घासलं तर गुळगुळीत होत नाही, त्याचा कापूस पिंजल्यासारखा होतो. कात्रीची धार तर बघता बघता जाते. दुरुस्ती करणारा माणूस केवलारचं नाव काढलं की कपाळाला हात लावतो.

कार्बनच्या दोन खोड्या सांगायच्या राहिल्या. पहिली खोडी: ते विजेचं वाहक आहे. काचेच्या विमानात रेडिओची एरियल चक्क पंखाच्या कातडीखाली तांब्याच्या पट्टीनं लपवतात. काचेतून रेडिओच्या लहरी आरपार जातात, म्हणून बाहेर काठी लावायला नको. पण कुणी हौसेनं वर कार्बनचा थर घातला, तर एरियल डब्यात कोंडल्यासारखी होते. वैमानिक बोलतोय आणि खाली कुणालाच ऐकू येत नाही!

दुसरी खोडी जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली, की त्यांची एक छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत तर फारच. विमानात ॲल्युमिनियमचे भाग असतातच, बिजागऱ्या, पट्ट्या, रिव्हेट. म्हणून दोघांच्या मध्ये काचतंतूंचा एक थर घालतात, भांडणाऱ्या दोन मुलांच्या मध्ये तिसऱ्याला बसवावं तसा. काच वीज वाहू देत नाही, मग बॅटरी होत नाही. हे तुम्ही घरी बघू शकता. जेवणाचे डबे गुंडाळतात ती ॲल्युमिनियमची चंदेरी पातळ फॉईल घ्या. त्यावर पेन्सिलीचं शिसं आडवं ठेवा. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे शिसं नव्हेच, ते ग्रॅफाइट, कार्बनचंच रूप. वरून मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडाची घडी ठेवून वजन द्या. शेजारी दुसरा तुकडा ठेवा, शिशाशिवाय. कापड रोज ओलं करायचं. आमच्या वर्गात पाचव्या दिवशी शिशाखालच्या फॉईलला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली.

आता दुरुस्ती. पंखाला खोक पडली तर मजबूत ठिगळ लावायचं, एवढं साधं वाटतं. माझी आई गोधड्या शिवते. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "जुन्या लुगड्याला जुनंच ठिगळ का गं? ही माझी नवी कोरी जीन्स फाडलीय ना, तिचं लाव की." आई म्हणाली, "लावते. बघ मग." आणि तिनं खरंच लावलं. दोन महिन्यांत गोधडी फाटली, ती ठिगळावर नाही, ठिगळाच्या बरोबर कडेला. जाड, ताठ तुकडा वाकत नाही, मग सगळं वाकणं, सगळा ताण त्याच्या कडेवर गोळा होतो आणि मऊ कापड तिथंच जातं. काचतंतूंच्या पंखावर कार्बनचं ठिगळ लावलं तर हेच होतं. ठिगळ शाबूत राहतं आणि शेजारी तडा जातो.

म्हणून दुरुस्ती करताना मूळ जे कापड होतं तेच, त्याच दिशेनं, तेवढेच थर. आणि कडा एकदम संपवायची नाही. खोकेच्या भोवती जुने थर घासून उतार करतात, पायऱ्यापायऱ्यांचा, नदीच्या घाटासारखा. मग एकेक नवा थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा, म्हणजे भार एका थरातून दुसऱ्यात हळूहळू उतरतो. रेझिनचंही असंच: होडीच्या जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी घट्ट धरतं, पण घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. मामांना हे ठाऊक होतं. "एकदा इपॉक्सी लावली की पुढं कायम इपॉक्सीच," असं ते म्हणाले.

हे सगळं नीट जमलं तर काय होऊ शकतं? १४ डिसेंबर १९८६ ला कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स विमानतळावरून 'व्हॉयेजर' नावाचं विमान निघालं. आराखडा बर्ट रुटान यांचा. चालवायला त्यांचे भाऊ डिक रुटान आणि जीना येगर. मोहावीच्या वाळवंटी गावात थोड्याशा माणसांनी हातांनी बांधलेलं विमान. त्यात काचतंतू होते, कार्बन होतं आणि केवलारही. नुसत्या सांगाड्याचं वजन सुमारे ४२५ किलो, म्हणजे एका बऱ्यापैकी म्हशीएवढं. आणि निघताना पेट्रोलसकट सुमारे ४,४०० किलो! त्या भारानं पंख इतके खाली लवले की त्यांची टोकं धावपट्टीवर घासत गेली. साडेचार किलोमीटरची धावपट्टी जवळपास संपली तेव्हा कुठे चाकं उचलली. घासलेली टोकं फाटली होती. टोकांचे छोटे उभे पंख हवेत गळून पडले, आतला फोम उघडा पडला. परतायचं का? विचार झाला. पण भार वाहणारा भाग शाबूत होता, गेली ती टोकंच. ते पुढे निघाले. आणि ९ दिवस, ३ मिनिटं आणि ४४ सेकंदांनी, कुठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारून त्याच विमानतळावर उतरले. तोपर्यंत असं कुणीही केलं नव्हतं.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा कारागीर मागच्या बाकावर होता. मामांनीच त्याला हाताला धरून शाळेत आणून सोडलं होतं. मी मुलांना म्हटलं, "चूक त्यानं एकट्यानं नाही केली. 'जे मजबूत सुचेल ते लावा' असं कोण म्हणालं होतं?" सगळी माझ्याकडे बघायला लागली. एकजण हळूच म्हणाला, "तुम्ही, बाई." मग जरा हसणं झालं आणि मुलगा पुढच्या बाकावर येऊन बसला.

प्रदर्शन दोन दिवसांवर होतं. नवा थर्माकोल आणला, वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि पांढरा डिंक, एवढंच सामान. डिंक पाण्याचा असतो, थर्माकोलला काही करत नाही. पट्ट्या तिरक्या लावायच्या हे कारागिरानं सगळ्यांना सांगितलं. मात्र पंख जिथे विमानाच्या अंगाला मिळतो, तिथे भीती वाटून पोरांनी जाड पुठ्ठ्याचं एक चौकोनी ठिगळ मारलंच. मी पाहिलं, पण बोलले नाही.

प्रदर्शनाच्या मैदानावर विमान सोडलं. पहिल्यांदा छान तरंगत गेलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा नाकावर आपटलं आणि पंख तुटला. कारागीर धावत गेला, गुडघ्यावर बसून तुटलेली जागा बघत राहिला आणि तिथूनच ओरडला, "बाई, पुठ्ठ्याच्या कडेलाच तुटलंय! अगदी रेघ मारल्यासारखं!"

तर दोस्तांनो, फॉईल आणि शिशाचा प्रयोग करा आणि कितव्या दिवशी भोक पडलं ते मला पत्रानं कळवा. मीठ किती घातलं तेही लिहा, म्हणजे कोणाचं लवकर झालं आणि का, ते बघता येईल.

तुमची,
बाई